छायाचित्रातले विमान

प्रस्तावना

घरातील जुन्या पेटीत, ग्रंथालयातील जाड अल्बममध्ये किंवा वर्तमानपत्राच्या पिवळ्या पडलेल्या पानावर कधीकधी एखादे छायाचित्र सापडते. त्याच्या मागे घाईने लिहिलेली एक ओळ असते : गावाचे नाव आणि साल. ती ओळ आपण खरी मानतो आणि छायाचित्र पुन्हा जागच्या जागी ठेवतो. परंतु ती ओळ कोणी लिहिली, केव्हा लिहिली, छायाचित्र काढले त्याच दिवशी की पन्नास वर्षांनंतर, हे आपण क्वचितच विचारतो.

छायाचित्र हा इतिहासाचा साक्षीदार आहे; पण साक्षीदाराची साक्ष तपासावी लागते. ती कशी तपासावी, हे प्रस्तुत पाठात आपण एका उदाहरणाच्या साहाय्याने पाहणार आहोत. उदाहरण आहे जुन्या ब्रिटिश विमानांचे. त्यांतील एकाने शर्यत जिंकली, तर दुसऱ्याने टाटांच्या हवाई टपालसेवेचा आरंभ केला. ही दोन विमाने दिसायला इतकी सारखी आहेत की एकाच्या जागी दुसऱ्याचे छायाचित्र सहज खपून जावे.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्हांला –
• भारतातील पहिल्या नियमित देशी हवाई टपालसेवेची माहिती सांगता येईल;
• छायाचित्रातील विमान ओळखण्याच्या खुणा क्रमाने मांडता येतील;
• छायाचित्राखालील मजकूर आणि छायाचित्रातील वस्तू यांचा मेळ बसतो की नाही, हे तपासता येईल;
• निरीक्षण आणि अनुमान यांतील फरक योग्य क्रियापदांनी व्यक्त करता येईल.

१. एक वैमानिक, तीन विमाने

जहांगीर रतनजी दादाभाई टाटा, म्हणजेच जे. आर. डी. टाटा, यांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी विमान चालवण्याचा परवाना मिळाला. भारतात दिला गेलेला हा पहिल्या क्रमांकाचा परवाना होय. त्यांच्या उड्डाणांच्या इतिहासात तीन विमाने वेगवेगळ्या प्रसंगी भेटतात. तिन्ही इंग्लंडमधील डी हॅविलंड कंपनीने बनवलेली होती. या कंपनीचे संस्थापक जेफ्री डी हॅविलंड यांना कीटकांचा, विशेषतः पतंगांचा, अभ्यास करण्याचा छंद होता. म्हणून त्यांनी आपल्या छोट्या विमानांना पतंगांची नावे दिली. ‘मॉथ’ या इंग्रजी शब्दाचा अर्थ पतंग असा आहे.

पहिले विमान जिप्सी मॉथ. आगाखान यांनी इंग्लंड व भारत यांच्या दरम्यान एकट्याने उड्डाण करणाऱ्या भारतीय वैमानिकासाठी ५०० पौंडांचे बक्षीस जाहीर केले होते. १९३० साली जे. आर. डी. कराचीहून इंग्लंडच्या दिशेने निघाले, तर अवघ्या सतरा वर्षांचे अस्पी इंजिनिअर इंग्लंडहून भारताकडे निघाले. दोघांची गाठ इजिप्तमधील अबुकीर येथे पडली. अस्पी यांच्या इंजिनाचे स्पार्क प्लग बिघडले होते आणि जादा प्लग त्यांच्याजवळ नव्हते. जे. आर. डीं. नी स्वतःजवळचे प्लग प्रतिस्पर्ध्याला दिले. पुढे थोड्या तासांच्या फरकाने अस्पी यांनी ती स्पर्धा जिंकली. हेच अस्पी इंजिनिअर १९६० ते १९६४ या काळात भारतीय हवाई दलाचे प्रमुख होते.

दुसरे विमान पुस मॉथ. त्या काळी इंपीरियल एअरवेजच्या विमानांनी इंग्लंडचे टपाल कराचीपर्यंत येत असे. तेथून पुढे मुंबई आणि मद्रासपर्यंत ते विमानानेच न्यावे, ही कल्पना नेव्हिल व्हिंटसेंट या ब्रिटिश वैमानिकाने टाटांपुढे मांडली. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी सकाळी जे. आर. डी. कराचीहून टपाल घेऊन निघाले, वाटेत अहमदाबादला उतरले आणि दुपारी मुंबईच्या जुहू येथे पोहोचले. तेथून टपालाचा पुढचा प्रवास व्हिंटसेंट यांनी केला. बल्लारीमार्गे ते दुसऱ्या दिवशी मद्रासला, म्हणजे आजच्या चेन्नईला, पोहोचले. या सेवेसाठी टाटांकडे दोन पुस मॉथ विमाने होती. पावसाळ्यात जुहूच्या मैदानात चिखल होई. त्यामुळे ते दिवस विमाने पुण्याहून उडत. पहिल्या वर्षभरात या छोट्याशा सेवेने १,६०,००० मैलांचा प्रवास केला आणि १५५ उतारू नेले. हिच्यातूनच पुढे एअर इंडियाचा जन्म झाला.

तिसरे विमान लेपर्ड मॉथ. पहिल्या टपाल उड्डाणाला तीस वर्षे झाली तेव्हा १९६२ साली, आणि पन्नास वर्षे झाली तेव्हा १५ ऑक्टोबर १९८२ रोजी, जे. आर. डीं. नी कराची ते मुंबई हा प्रवास पुन्हा केला. १९८२ साली ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. या दोन्ही वेळी त्यांनी पुस मॉथऐवजी त्याच घराण्यातील लेपर्ड मॉथ चालवले. प्रसंग तोच, मार्ग तोच, वैमानिकही तोच. विमान मात्र वेगळे. गल्लत होण्याचे मूळ येथे आहे.

पाठगत प्रश्न १

योग्य पर्याय निवडा.
(अ) १९३२ साली मुंबईहून मद्रासला टपाल नेणारे वैमानिक कोण?
(१) जे. आर. डी. टाटा (२) अस्पी इंजिनिअर (३) नेव्हिल व्हिंटसेंट
(आ) ‘मॉथ’ या नावाचे कारण कोणते?
(१) विमानाचा आवाज (२) संस्थापकाचा छंद (३) विमानाचा रंग

२. विमान ओळखावे कसे?

अनोळखी माणसाला ओळखताना आपण आधी त्याची उंची, चाल, अंगलट पाहतो आणि मग चेहऱ्याकडे वळतो. विमानाचेही तसेच आहे. आधी ठळक आकार पाहावा, नंतर बारीक खुणा. आपल्या तीन विमानांना ही रीत लावून पाहू.

पंख किती? एकावर एक अशा पंखांच्या दोन जोड्या असतील, तर ते द्विपंखी विमान. जिप्सी मॉथ द्विपंखी आहे. पुस मॉथ आणि लेपर्ड मॉथ एकपंखी आहेत. केवळ या एका प्रश्नाने तीनपैकी एक विमान बाजूला होते.

पंख कोठे बसवले आहेत? पुस मॉथ व लेपर्ड मॉथ या दोन्ही विमानांचे पंख धडाच्या वरच्या बाजूस आहेत. पंखांना खालून तिरप्या दांड्यांचा आधार आहे.

वैमानिक कोठे बसतो? जिप्सी मॉथमध्ये वैमानिक व उतारू एकामागे एक, उघड्यावर बसत. डोक्याला चामडी टोपी आणि डोळ्यांना चष्मा लागे. इतर दोन विमानांना चारही बाजूंनी बंद अशी काचेच्या खिडक्यांची खोली आहे. वैमानिक साध्या कपड्यांत बंद खोलीतून उतरताना दिसला, तर ते जिप्सी मॉथ नव्हे.

नाक कसे आहे? जिप्सी मॉथच्या इंजिनाचे सिलिंडर वरच्या बाजूस उभे असतात. ते वैमानिकाच्या नजरेच्या आड येत. पुढील दोन विमानांत हेच इंजीन उलटे बसवले आहे. सिलिंडर खाली गेले, प्रोपेलरचा दांडा वर आला आणि समोरचे दिसणे सुधारले. म्हणून या विमानांच्या नाकाची वरची रेषा सखल व सरळ दिसते.

येथवर आलो तरी पुस मॉथ आणि लेपर्ड मॉथ यांतील निवड बाकीच राहते. दोघांची लांबी, पंखांचा विस्तार आणि एकंदर ठेवण जवळजवळ सारखी आहे. पुस मॉथच्या पंखांचा विस्तार सुमारे ११.२ मीटर, तर लेपर्ड मॉथचा सुमारे ११.४ मीटर. छायाचित्रात वीस सेंटिमीटरचा फरक कोणाला दिसणार? येथे दोन बारीक खुणा उपयोगी पडतात.

पहिली खूण चाकांच्या आधारदांड्याची. जमिनीवर आदळताना बसणारा धक्का झेलणारा मोठा दांडा चाकापासून वर जातो. तो कोठे जाऊन मिळतो ते पाहावे. पुस मॉथमध्ये तो वर पंखाच्या मुळापर्यंत पोहोचतो. लेपर्ड मॉथमध्ये तो पुढे झुकून, वैमानिकाच्या काचेच्या अलीकडे, इंजिनामागील भिंतीला जोडलेला असतो. बाजूने काढलेल्या छायाचित्रात ही खूण सर्वांत लवकर सापडते.

दुसरी खूण पंखाच्या आकाराची. पुस मॉथच्या पंखाची रुंदी मुळापासून टोकापर्यंत बहुतांशी एकसारखी आहे. लेपर्ड मॉथचा पंख टोकाकडे निमुळता होत जातो. वरून किंवा समोरून काढलेल्या छायाचित्रात हा फरक कळतो.

शेवटी नोंदणी-अक्षरे वाचावीत. विमानाच्या धडावर आणि पंखांवर मोठी अक्षरे रंगवलेली असतात. ‘व्हीटी’ या अक्षरांनी सुरुवात होत असेल, तर विमान भारतात नोंदलेले. ‘जी’ असेल तर ब्रिटनमध्ये. ‘व्हीएच’ असेल तर ऑस्ट्रेलियात. पहिले टपाल घेऊन जे. आर. डी. ज्या पुस मॉथमधून आले, त्याची अक्षरे ‘व्हीटी-एडीएन’ अशी होती. अक्षरे उलटी दिसत असतील, तर छायाचित्र छापताना काच किंवा फिल्म उलटी ठेवली गेली, असे समजावे.

रंगावर मात्र विसंबू नये. त्या काळातील पुष्कळशा फिल्म लाल रंग टिपू शकत नसत. त्यामुळे लाल विमान छायाचित्रात काळसर दिसते.

पाठगत प्रश्न २

रिकाम्या जागा भरा.
(अ) जिप्सी मॉथ हे ________ विमान आहे.
(आ) पुस मॉथच्या चाकाचा आधारदांडा वर ________ मुळापर्यंत जातो.
(इ) टोकाकडे निमुळते होत जाणारे पंख ________ मॉथचे असतात.

३. शर्यत जिंकलेले विमान

लेपर्ड मॉथचे पहिले उड्डाण २७ मे १९३३ रोजी झाले. त्यानंतर सहाच आठवड्यांनी, ८ जुलै १९३३ रोजी, त्याच पहिल्या विमानाने इंग्लंडमधील ‘किंग्ज कप’ ही हवाई शर्यत जिंकली. विमान स्वतः जेफ्री डी हॅविलंड चालवत होते. त्यांचा सरासरी वेग ताशी १३९.५ मैल, म्हणजे सुमारे २२४ किलोमीटर होता.

ही शर्यत १९२२ साली राजे पाचवे जॉर्ज यांच्या नावाच्या चषकासाठी सुरू झाली. तिचा नियम समजून घेण्यासारखा आहे. धीम्या विमानाला आधी सोडत आणि वेगवान विमानाला नंतर. प्रत्येक विमानाची कुवत मोजून हे अंतर ठरवले जाई. त्यामुळे प्रवासासाठी बनवलेले तीन आसनांचे साधे विमानही ही शर्यत जिंकू शकत असे. ‘शर्यतीचे विमान’ म्हटले की अणकुचीदार, एकट्या वैमानिकापुरते यंत्र डोळ्यांपुढे येते. पण त्या काळात घरगुती मोटारगाडीसारखे विमानही शर्यतीत उतरत असे. म्हणून विमान दिसायला साधे आहे एवढ्यावरून ते शर्यतीचे नव्हे, असा निष्कर्ष काढता येत नाही. शर्यतीतील विमानांच्या धडावर किंवा शेपटीवर मोठा क्रमांक रंगवत. छायाचित्रात तो आढळल्यास शोधाला दिशा मिळते.

खास शर्यतीसाठी बांधलेली विमानेही होती. ऑक्टोबर १९३४ मध्ये इंग्लंडमधील मिल्डनहॉलपासून ऑस्ट्रेलियातील मेलबर्नपर्यंत मोठी शर्यत झाली. तिच्यासाठी डी हॅविलंड कंपनीने ‘कॉमेट’ नावाची दोन इंजिनांची तीन विमाने तयार केली. तांबड्या रंगाच्या कॉमेटने सुमारे एकाहत्तर तासांत मेलबर्न गाठून शर्यत जिंकली. काळ्या रंगाच्या कॉमेटला मात्र इंजिनांतील बिघाडामुळे अलाहाबाद येथे, म्हणजे आजच्या प्रयागराजला, शर्यत सोडावी लागली. सक्तीच्या थांब्यांपैकी भारतातील थांबा अलाहाबाद हा होता. मद्रास त्यांत नव्हते. तेव्हा कॉमेटच्या छायाचित्राखाली ‘शर्यतीतील थांबा, मद्रास’ असे लिहिलेले दिसले, तर विमान बरोबर ओळखले असूनही स्थळ चुकलेले असू शकते. वस्तू, स्थळ आणि काळ या तिन्ही गोष्टी स्वतंत्रपणे तपासाव्या लागतात.

४. तारखेची परीक्षा

आता एक कल्पित उदाहरण घेऊ. तंजावरच्या मराठी राजवटीच्या काळापासून तमिळ प्रदेशात स्थायिक झालेली अनेक मराठी कुटुंबे आज चेन्नईत राहतात. समजा, अशा एका घरातील अल्बममध्ये एका विमानाचे छायाचित्र आहे. त्याच्या मागे शाईने लिहिले आहे : ‘पहिले हवाई टपाल, मद्रास, ऑक्टोबर १९३२’. घरातील सर्वांना त्याचा अभिमान आहे. आपण त्याची परीक्षा कशी करू?

प्रथम मागची ओळ वाचू नये, छायाचित्र पाहावे. विमान एकपंखी आहे. पंख धडाच्या वर आहेत. खोली बंद आहे. नाकाची वरची रेषा सरळ आहे. म्हणजे ते पुस मॉथ किंवा लेपर्ड मॉथ असावे. आता चाकाचा दांडा पाहावा. तो पंखाच्या मुळाशी पोहोचत असेल, तर विमान पुस मॉथ ठरते आणि मागची ओळ खरी असणे शक्य होते. एवढ्याने ती सिद्ध मात्र होत नाही, कारण पुस मॉथ विमाने १९३२ नंतरही उडत होती. पुढे नोंदणी-अक्षरे वाचावीत. मागे टेकडी दिसत असेल, तर ती मीनंबाक्कम विमानतळाच्या परिसरातील सेंट थॉमस माउंट आहे का, हे पाहावे.

पण दांडा पुढे झुकून इंजिनामागील भिंतीला मिळाला असेल आणि पंख निमुळते असतील तर? मग ते लेपर्ड मॉथ आहे आणि मागची तारीख चुकीची आहे. येथे ‘कदाचित’ म्हणण्याचे कारण नाही. जे विमान मे १९३३ मध्ये प्रथम उडाले, ते ऑक्टोबर १९३२ मध्ये मद्रासच्या काय, जगातील कोणत्याही मैदानावर उतरणे शक्य नाही. लिहिणाऱ्याचा हेतू प्रामाणिक असेल. शाई जुनी असेल. तरीही वस्तूची साक्ष अधिक बलवान ठरते. एखादी वस्तू अस्तित्वात आली त्याआधीचे तिचे छायाचित्र असू शकत नाही, हा या परीक्षेचा पाया आहे.

असे ठरल्याने छायाचित्राचे मोल कमी होते का? नाही. त्याची जागा बदलते. ते १९३२ चे नसेल, तर कोणत्या प्रसंगाचे आहे, हा नवा प्रश्न उभा राहतो आणि कदाचित आणखी एक विसरलेली गोष्ट हाती लागते.

या साऱ्या खटाटोपाचे कारण विमानापुरते नाही. पहिल्या हवाई टपालाची आठवण काढताना जे. आर. डीं. चे नाव सर्वांच्या तोंडी येते आणि ते योग्यच आहे. पण त्या मार्गाचा दुसरा अर्धा भाग, मुंबई ते मद्रास, व्हिंटसेंट यांनी पार केला होता. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, विमानप्रवासातच त्यांचा अंत झाला. १९६२ आणि १९८२ च्या स्मृती-उड्डाणांत सहभागी व्हायला ते हयात नव्हते. त्या उड्डाणांची छायाचित्रे १९३२ ची म्हणून छापली गेली, तर वाचकांच्या मनात एकच वैमानिक आणि मुंबईत संपणारा प्रवासच उरेल. व्हिंटसेंट पुसले जातील आणि त्यांच्याबरोबर मद्रासही. छायाचित्राखालील साल दुरुस्त करणे म्हणजे अशा माणसाला त्याची जागा परत देणे होय.

पाठगत प्रश्न ३

चूक की बरोबर ते सांगा.
(अ) छायाचित्रात पुस मॉथ दिसले की ते १९३२ चेच आहे हे सिद्ध होते.
(आ) लेपर्ड मॉथचे छायाचित्र १९३२ चे असू शकत नाही.
(इ) जुन्या छायाचित्रातील काळसर विमान प्रत्यक्षात लाल असू शकते.

५. भाषाभ्यास : निश्चिती दाखवणारी क्रियापदे

पुढील वाक्ये पाहा.
• विमानाला एकच पंखजोडी दिसते. (निरीक्षण)
• ते पुस मॉथ असावे. (अनुमान)
• ते १९३२ चे असू शकते. (शक्यता)
• ते १९३२ चे असणे शक्य नाही. (निश्चित नकार)

‘दिसते’ म्हणताना आपण डोळ्यांना जाणवलेली गोष्ट सांगतो. ‘असावे’ म्हणताना त्या गोष्टीवरून तर्क करतो. ‘असू शकते’ म्हणताना एक वाट मोकळी ठेवतो. ‘शक्य नाही’ म्हणताना ती वाट बंद करतो. त्यासाठी भक्कम पुरावा हवा. अर्ज, जबाब, बातमी किंवा अहवाल लिहिताना ही क्रियापदे जपून वापरावीत. ‘असावे’ च्या जागी ‘आहे’ लिहिले गेले की तर्काला पुराव्याचे रूप येते आणि वाचकाची दिशाभूल होते.

तुम्ही काय शिकलात?

• छायाचित्र आधी पाहावे, त्याखालील मजकूर नंतर वाचावा.
• ठळक आकाराकडून बारीक खुणांकडे जावे.
• वस्तू, स्थळ आणि काळ यांची तपासणी वेगवेगळी करावी.
• वस्तू प्रथम केव्हा अस्तित्वात आली, यावरून छायाचित्राच्या काळाची सर्वांत आधीची मर्यादा ठरते.
• जेवढा पुरावा, तेवढेच विधान करावे.

शब्दार्थ

अंगलट – शरीराची ठेवण
ठेवण – घडण, रचना
उतारू – प्रवासी
निमुळता – टोकाकडे अरुंद होत जाणारा
कुवत – क्षमता
गल्लत – घोटाळा, चुकीची सरमिसळ
खटाटोप – मोठा प्रयत्न, धडपड

स्वाध्याय

१. जे. आर. डी. टाटा यांनी अस्पी इंजिनिअर यांना स्पार्क प्लग दिले. या कृतीविषयी तुमचे मत पाच-सहा वाक्यांत लिहा.
२. पुस मॉथ व लेपर्ड मॉथ यांतील साम्य आणि फरक दोन रकान्यांत मांडा.
३. ‘वस्तूची साक्ष अधिक बलवान ठरते’ या विधानाचा अर्थ पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
४. तुमच्या घरातील किंवा परिसरातील एक जुने छायाचित्र निवडा. त्यातील वाहन, कपडे, दुकानाची पाटी, विजेचा खांब यांसारख्या चार वस्तूंची नोंद करा. प्रत्येक वस्तूवरून काळाविषयी काय सांगता येते, ते ‘दिसते’, ‘असावे’, ‘असू शकते’ व ‘शक्य नाही’ ही शब्दरूपे योग्य जागी वापरून लिहा. नंतर घरातील वडीलधाऱ्या व्यक्तीला त्याविषयी विचारून तुमचे उत्तर पडताळून पाहा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (अ) नेव्हिल व्हिंटसेंट (आ) संस्थापकाचा छंद
२. (अ) द्विपंखी (आ) पंखाच्या (इ) लेपर्ड
३. (अ) चूक (आ) बरोबर (इ) बरोबर